पडेल, पडेलसं दिसतंय, पडणार म्हणे: जपानी व्याकरणातला अंदाज

जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते. बोलणाऱ्याला त्या क्रियेची खात्री किती आहे, हे क्रियापदाच्याही मागून येते. 'आमे गा फुरु' म्हणजे 'पाऊस पडणार'. 'आमे' म्हणजे पाऊस, 'फुरु' म्हणजे आभाळातून पडणे आणि मधला 'गा' ही कर्त्याची खूण. वाक्य इथेच थांबवले तर ते ठाम विधान होते. त्याला 'दारोऽ' जोडले की 'पडेल', 'कामो शिरेनाइ' जोडले की 'पडेलही कदाचित', 'हाझु दा' जोडले की 'पडायला हवा' आणि 'सोऽ दा' जोडले की 'पडणार म्हणे'. (ऽ ही खूण आधीचा स्वर लांबवण्यासाठी आहे, 'हाझु'मधला झ 'माझा'तल्यासारखा.) पाऊस तोच राहतो. बोलणारा कशाच्या हवाल्यावर बोलतो आहे, तेवढे बदलते.

मराठी माणसाला ही ठेवण परकी वाटू नये. 'पाऊस पडणार असं वाटतं' हे जपानीत 'आमे गा फुरु तो ओमोउ' असे होते. आमे म्हणजे पाऊस, फुरु म्हणजे पडणार, तो म्हणजे असं, ओमोउ म्हणजे वाटतं. शब्दाला शब्द, आणि तोही त्याच क्रमाने. इंग्रजीत आधी 'मला वाटतं' सांगून मग पावसाकडे वळावे लागते. मराठीत आणि जपानीत पाऊस आधी पडून घेतो, शंका नंतर येते. दोन्ही भाषांचे कूळ वेगळे आहे, पण क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांत असे साम्य पुष्कळदा सापडते.

हे साम्य मराठवाड्यातल्या काही मुलांच्या कामी येण्यासारखे होते. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे २५ किलोमीटरवर गाडीवाट नावाचे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेने सप्टेंबर २०१९मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारले, की कोणती परदेशी भाषा शिकायला आवडेल? यंत्रमानव आणि तंत्रज्ञान यांची ओढ असलेल्या मुलांनी जपानी निवडली. सुरुवात इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची अ‍ॅप यांवर झाली, पुढे भाषेच्या जाणकाराकडून ऑनलाइन वर्ग मिळाले. २०२०मध्ये साडेतीनशेपैकी सुमारे सत्तर मुले जपानी शिकत होती. त्यांची मधली भाषा मराठी होती, आणि ही गोष्ट त्यांच्या फायद्याचीच. १९८४पासून घेतल्या जाणाऱ्या जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेत आता एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या आहेत, आणि अंदाज सांगणारी बहुतेक रूपे एन-४ पातळीवर, म्हणजे दुसऱ्याच पायरीवर भेटतात. पुण्या-मुंबईच्या केंद्रांवर ही परीक्षा देणारे अनेक जण ती इंग्रजी पुस्तकांतून पाठ करतात आणि 'प्रॉबेबली', 'मे', 'शुड', 'सीम्स' यांच्या जाळ्यात अडकतात. 'असेल', 'असावा', 'दिसतंय', 'म्हणे' यांच्या वाटेने गेले तर तीच रूपे ओळखीची निघतात.

सुरुवात 'दारोऽ'पासून करावी. त्याचे आदबशीर रूप 'देशोऽ'. जपानीत भविष्यकाळाचे वेगळे रूप नाही. 'फुरु' हे 'पडतो'ही आणि 'पडणार'ही. त्यामुळे उद्याबद्दल ठाम बोलायचे तर नुसते क्रियापद पुरते. 'आशिता निहोन ए इकिमास' म्हणजे 'उद्या जपानला जाणार आहे', विमानाचे तिकीट खिशात असलेल्याचे वाक्य. अंदाज असेल तेव्हाच 'दारोऽ' लागतो. मराठीत हे काम 'येणार' आणि 'येईल' यांनी वाटून घेतले आहे. 'पाहुणे येणार' म्हटले की कणीक जास्त मळली जाते, 'पाहुणे येतील' म्हटले की डबा उघडून पीठ किती आहे एवढे पाहिले जाते. 'तो आत्ता घरी असेल' या वाक्यात तर भविष्यकाळाचा काळाशी काही संबंधच उरत नाही, ते निव्वळ वर्तमानाबद्दलचे अनुमान आहे. 'दारोऽ' नेमका हाच 'असेल'.

मराठी विद्यार्थ्याची एक चूक इथूनच सुरू होते. पुस्तकात 'येईल'ला 'देशोऽ' दिसल्यावर तो प्रत्येक भविष्यकाळाला 'देशोऽ' चिकटवतो. मग 'मी दहाला येईन' या साध्या शब्दाचे जपानी ऐकणाऱ्याच्या कानी 'मी बहुधा दहाला येणार असे भाकीत आहे' असे काहीतरी पडते. स्वतःच्या ठरवलेल्या गोष्टीचा अंदाज करायचा नसतो. शेवटचा स्वर चढवला तर मात्र 'देशोऽ' वेगळेच काम करतो. 'ओइशिइ देशोऽ?' म्हणजे 'छान झालंय ना?' इथे शंका राहिलेली नसते, समोरच्याकडून फक्त होकार हवा असतो.

'देशोऽ' जपानमध्ये रोज कानावर पडतो तो हवामानाच्या बातम्यांत. 'उद्या दुपारनंतर पाऊस पडेल' हे वाक्य निवेदक 'देशोऽ'ने संपवतो. पण एकाच शब्दाने किती शक्यता सांगायची? जपानच्या हवामान संस्थेने १९८०मध्ये टोकियो परिसरासाठी पावसाची शक्यता टक्क्यांत द्यायला सुरुवात केली आणि १९८६पर्यंत ती पद्धत देशभर नेली. आकडे दहा-दहाच्या टप्प्यांत असतात. तीस टक्के याचा अर्थ असा अंदाज शंभर वेळा दिला तर त्यांपैकी सुमारे तीस वेळा एक मिलिमीटर किंवा जास्त पाऊस होतो. तीस टक्क्यांचा पाऊस चाळीस टक्क्यांपेक्षा हलका असतो असे नव्हे, तरी तसा समज तिथेही घट्ट आहे. साध्या शब्दांनाही मापे लावलेली आहेत. 'इचिजि आमे' म्हणजे सलग पाऊस, पण अंदाजाच्या कालावधीच्या एक चतुर्थांशाहून कमी वेळ. 'तोकिदोकि आमे' म्हणजे थांबून थांबून, एकूण निम्म्याहून कमी वेळ.

भारतीय हवामान विभागाचे शब्दही असेच मोजलेले आहेत, पण ते वाचकाला कोणी फारसे समजावून सांगत नाही. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पंचाहत्तरपर्यंत आणि त्यापुढे ते जवळपास सर्वदूर. पैठणच्या शेतकऱ्याने 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस' वाचून बी काढायचे की थांबायचे, हे त्या शब्दामागचा आकडा ठाऊक असण्यावर ठरते. 'तुरळक' हा शब्द पाऊस किती पडेल हे सांगत नाही, कुठे कुठे पडेल एवढेच सांगतो.

'दारोऽ'हून कितीतरी ढिला शब्दप्रयोग म्हणजे 'कामो शिरेनाइ'. त्याची फोड मराठी कानाला गंमत वाटावी अशी आहे. 'का' हा प्रश्नार्थक, 'मो' म्हणजे 'ही' किंवा 'सुद्धा' आणि 'शिरेनाइ' म्हणजे 'कळत नाही, कळू शकत नाही'. 'पडणार का, तेही कळत नाही' यावरून 'पडेलही कदाचित'. जपानीतला वाक्याच्या शेवटी येणारा 'का' मराठीच्या 'येतोस का?'मधल्या 'का'सारखाच, त्याच जागी आणि त्याच उच्चारात येतो. हा निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला सोयीचा. न कळण्यातून शक्यता काढण्याची रीत मात्र मराठीतही जुनी आहे. 'छत्री घे, न जाणो पाऊस यायचा' यातला 'न जाणो' शब्दशः 'शिरेनाइ' आहे. 'कोण जाणे' त्याचाच भाऊ. आणि अंगणात वाळवण घातलेले असताना ढग भरून आले की जे तोंडातून निघते, 'पाऊस येतो की काय!', त्यात तर प्रश्न आणि शक्यता यांची तीच सांगड आहे.

'दारोऽ' आणि 'कामो शिरेनाइ' यांतला फरक टक्केवारीत सांगण्यापेक्षा एका कसोटीवर चटकन कळतो. 'फुरु कामो शिरेनाइ शि, फुरानाइ कामो शिरेनाइ' हे वाक्य चालते: पडेलही आणि नाहीही पडणार. 'दारोऽ'ने तसे दोन्हीकडे पाय ठेवता येत नाहीत. तिथे बोलणाऱ्याने एक बाजू घेतलेली असते. मराठी 'असावा'लाही हीच अट आहे. 'रात्री पाऊस पडला असावा आणि पडला नसावा' असे कोणी म्हणत नाही.

'असावा' हे रूप शाळेत विध्यर्थ म्हणून शिकवले जाते आणि कर्तव्य, इच्छा, शक्यता, तर्क असे त्याचे चार-पाच अर्थ एका दमात पाठ करून घेतले जातात. प्रत्यक्षात 'असेल' आणि 'असावा' यांतला फरक बारीक आणि काटेकोर आहे. दाराची घंटा वाजली, की 'पोस्टमन असेल'. रोजची वेळ, रोजचा माणूस, एवढाच आधार. सकाळी उठून अंगणात पाणी साचलेले पाहिले, की 'रात्री पाऊस झाला असावा'. इथे पुरावा आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. जपानी भाषा याच फरकाला फार जपते. तिच्यात 'किती खात्री' याहून 'कशावरून' या प्रश्नाला जास्त रूपे दिलेली आहेत, आणि परदेशी विद्यार्थी सर्वांत जास्त चुकतात तेही इथेच.

'हाझु'चे उदाहरण घ्यावे. 'याहाझु' म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची खाच. धनुष्याची दोरी तिच्यात बरोबर बसते. या बरोबर बसण्यावरून 'हाझु'चा अर्थ 'हिशेबाने असेच असायला हवे' असा झाला. एसटी सकाळी सहाला सुटली, वाटेत काही अडचण कळलेली नाही, आता दहा वाजले, तेव्हा 'बासु वा मोऽ त्सुइता हाझु दा', बस आतापर्यंत पोहोचलेली असायला हवी. हा अंदाज हवेतला नाही, त्याच्यामागे हिशेब आहे, आणि बस नाहीच आली तर चूक हिशेबाची नसून बसची, असा एक सूरही त्यात असतो. मराठी 'हवी'मध्येही तो सूर ऐकू येतो. आणखी एका प्रसंगी 'हाझु' वापरतात: खिडकी उघडली, बाहेर बर्फ दिसला, की 'सामुइ हाझु दा', म्हणजे 'थंडी वाजणारच!' कारण उशिरा सापडले आणि खाच दोरीवर बसली. नकारात मात्र जागा सांभाळावी लागते. 'कोनाइ हाझु दा' म्हणजे 'त्याचं न येण्याचं ठरलंय', 'कुरु हाझु गा नाइ' म्हणजे 'तो येणं शक्यच नाही'.

खात्रीच्या अगदी टोकाला 'नि चिगाइनाइ' आहे. 'चिगाइ' म्हणजे फरक, चूक. तेव्हा 'यात चूक नाही'. हेरकथेतला गुप्तहेर शेवटच्या प्रकरणात असे बोलतो. घरात चहा पिताना कोणी बोलत नाही.

पुराव्यावर बोलणाऱ्या रूपांचा खरा संसार 'योऽ दा', 'मिताइ दा', 'राशिइ' आणि 'सोऽ दा' यांचा. पहिली दोन जवळपास एकाच अर्थाची. 'मिताइ' बोलण्यातले, 'योऽ दा' जरा लिखाणी. 'मिताइ'चे मूळ 'पाहिल्याप्रमाणे' असे आहे आणि मराठी 'दिसतंय' त्याच्या शेजारीच उभे आहे. दोन्ही शब्द डोळ्यांपुरते राहिलेले नाहीत. ओट्यापासून दूर, पलीकडच्या खोलीत बसून नाकाला वास आला की मराठी घरात 'आमटी करपलेली दिसतेय' असेच म्हणतात. दिसलेले काहीच नसते. जपानी घरातही 'कोगेता मिताइ' म्हणतात, आणि तिथेही काम नाकानेच केलेले असते.

'राशिइ'मध्ये बोलणारा एक पाऊल मागे सरकतो. माहिती बाहेरून आली आहे, निष्कर्ष निघतो आहे, पण त्याची जबाबदारी त्याची एकट्याची नाही. हा फरक शिकवायला डॉक्टरचे उदाहरण नेहमी देतात. स्वतः तपासून झाल्यावर डॉक्टरने 'पोटात बिघाड दिसतोय' हे 'योऽ दा'ने सांगावे. तो 'राशिइ' म्हणाला तर रोगी दचकेल, कारण ते 'पोटात बिघाड आहे असं कळतं' असे ऐकू येते, जणू निदान दुसऱ्याच कोणी केले आणि डॉक्टर निरोप पोचवतो आहे. तोच रोगी घरी जाऊन बायकोला सांगताना मात्र 'राशिइ' म्हणेल आणि ते अगदी बरोबर असेल.

'सोऽ दा' म्हणजे परीक्षकांचा लाडका सापळा. ते दोन आहेत. पूर्ण क्रियापदापुढे आले तर ऐकीव: 'फुरु सोऽ दा', पडणार म्हणे. क्रियापदाच्या अंगापुढे आले तर दिसणारे: 'फुरिसोऽ दा', पडेलसं दिसतंय, आत्ता कोसळेल. उ आणि इ एवढाच फरक, पण पहिल्यात माणूस बातमी ऐकून बोलतो आणि दुसऱ्यात मान वर करून ढगांकडे पाहून. जपानी शालेय व्याकरणात पहिल्याला 'देम्बुन' म्हणतात, मराठीत चपखल शब्द 'ऐकीव' तयारच आहे. दुसऱ्याला 'योऽताइ', म्हणजे रूप, अवस्था. खाण्याच्या पदार्थालाही हाच नियम: 'ओइशिइ सोऽ दा' म्हणजे 'चविष्ट असतं म्हणे', 'ओइशिसोऽ दा' म्हणजे 'चविष्ट दिसतंय', ताट समोर आहे. एका शब्दाने मात्र नियम मोडला आहे. 'कावाइइ' म्हणजे गोंडस, आता जगभर पसरलेला शब्द. त्याचे 'दिसतंय'चे रूप नियमाने 'कावाइसोऽ' व्हावे, पण तो स्वतंत्र शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'बिचारा'. मैत्रिणीच्या बाळाचा फोटो पाहून 'कावाइसोऽ' म्हणणारे नवशिके विद्यार्थी दरवर्षी निपजतात.

मराठीचा 'म्हणे' या 'ऐकीव सोऽ दा'पेक्षा चपळ आहे. शेवटी आला तर तो निव्वळ बातमी सांगतो: 'धरण भरलं म्हणे.' पुढे आला की अविश्वास दाखवतो: 'म्हणे धरण भरलं!' आणि 'मोठा आलाय म्हणे शहाणा' यात तर त्याला बातमीशी देणेघेणेच नसते. जपानी 'सोऽ दा' असा टोमणा मारत नाही. त्या कामाला बोलीतला 'दात्ते' आहे. एवढी कामे करणाऱ्या 'म्हणे'ला शाळेच्या व्याकरणात साधी ओळही मिळू नये ही खेदाची गोष्ट आहे. 'न जाणो' आणि 'की काय' यांचीही तीच कथा.

एका बाबतीत मात्र मराठी माणसाला जपानी व्याकरण अडवते. थंडी वाजणे, दुखणे, झोप येणे, काही हवेसे वाटणे या गोष्टी ज्याच्या त्यालाच कळतात, असे ही भाषा धरून चालते. 'सामुइ', म्हणजे 'थंडी वाजतेय', हे स्वतःबद्दल म्हणता येते, समोरच्याला विचारताही येते. पण तिसऱ्या माणसाबद्दल सरळ 'तानाका-सानला थंडी वाजतेय' असे नुसत्या 'सामुइ'ने म्हटले तर ते खटकते. तानाकांच्या कातडीच्या आत बोलणारा कसा शिरला? तिथे 'सामुसोऽ', म्हणजे 'थंडी वाजत असलेली दिसतेय', किंवा 'सामुगात्ते इरु', म्हणजे 'थंडीने आखडल्याची लक्षणे दाखवतोय', असे वळण घ्यावे लागते. मराठी आई बेधडक 'बाळाला झोप आलीय' म्हणते. जपानी आई 'नेमुसोऽ' म्हणते, झोप आलेली दिसतेय, ते बाळ तिच्या मांडीवर जांभया देत असले तरी. 'ओमोउ'चेही तसेच. वाक्याच्या शेवटी नुसते आले तर ते 'मला वाटतं' एवढेच सांगते. दुसऱ्याच्या मताला 'ओमोत्ते इरु' असे लांबवलेले रूप लागते. कादंबरीतल्या सर्वज्ञ निवेदकाला मात्र यातून सूट आहे, तो पात्रांच्या मनात शिरून थेट बोलू शकतो. भाषाशास्त्रज्ञ एस. वाय. कुरोदा यांनी १९७३च्या एका गाजलेल्या निबंधात याच सुटीचा माग काढला.

ही सवय आजची नाही. हजार वर्षांपूर्वीच्या जपानीत अंदाजाच्या प्रत्ययांची आजच्याहून मोठी फौज होती. 'रामु' चालू गोष्टीच्या अंदाजाला, 'केमु' होऊन गेलेल्या गोष्टीच्या, 'मेरि' डोळ्यांनी पाहिलेल्यावरून, 'नारि' कानांवर आलेल्यावरून. भूतकाळही दोन होते. स्वतः अनुभवलेल्याला 'कि', ऐकलेल्या किंवा उशिरा उमगलेल्याला 'केरि'. जुन्या कथा 'केरि'ने सांगितल्या जात, कारण कथा कोणी पाहिलेली नसते. साधा 'मु' हा प्रत्यय झिजत झिजत 'आरामु', 'आरोऽ' असा 'दारोऽ'मध्ये येऊन राहिला आहे. संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला यात लिट् लकार आठवेल. परोक्ष भूतकाळ, म्हणजे बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडलेले. पाणिनीच्या व्याकरणाने जी वाटणी नोंदवली, तीच जपानी दरबारातल्या लेखिकांच्या भाषेतही होती, आणि दोघांचा एकमेकांशी व्याकरणापुरता काही संबंध नव्हता.

क्रियापद शेवटी आणि शंका त्याच्याही मागे, तर ऐकणाऱ्याने कळ काढायची तरी किती? त्यासाठी जपानीत अव्यये वाक्याच्या सुरुवातीलाच खूण करून ठेवतात. 'मोशिकाशितारा' ऐकले की शेवटी 'कामो शिरेनाइ' येणार, 'दोऽयारा' ऐकले की 'योऽ दा' किंवा 'राशिइ', 'कित्तो' ऐकले की 'दारोऽ' किंवा 'चिगाइनाइ'. ही जोडी मोडली तर 'कदाचित नक्की येईल' असे विनोदी काहीतरी होते. सर्वांत वापरातला शब्द 'ताबुन'. त्याच्या दोन चित्रलिपी अक्षरांचा अर्थ 'पुष्कळ' आणि 'वाटा'. मराठीच्या 'बहुधा'त आणि 'बहुतेक'मध्येही 'बहु' बसलेलाच आहे. 'ओसोराकु'चे मूळ घाबरण्याच्या क्रियापदात आहे, आज त्यातली भीती गेली आणि औपचारिक 'बहुधा' उरला. पण 'ओसोरे', भीती, सरकारी इशाऱ्यांत अजून जिवंत आहे: दरड कोसळण्याची 'ओसोरे' आहे. मराठी बातम्याही 'दरड कोसळण्याची भीती' असेच म्हणतात. 'शक्यता' हा शब्द चांगल्यालाही चालतो, 'भीती' फक्त वाइटाला.

अलीकडच्या मराठीत या सगळ्या रूपांवर एकटा 'शकतो' मात करू पाहतो आहे. 'पाऊस येऊ शकतो', 'भाव वाढू शकतात', 'तो आजारी असू शकतो'. इंग्रजी आणि हिंदीच्या छायेत वाढलेली ही सवय चुकीची नाही, पण तिने 'येईलसं', 'असावा', 'न जाणो' यांच्या जागा बळकावल्या आहेत. जपानीत 'शकणे' हे रूप पावसाला लागत नाही, पावसाच्या अंगी कुठले कौशल्य? तिथे 'आरिउरु', म्हणजे 'असे असणे संभवते', असा अपवाद रुळला. त्याचा नकार 'आरिएनाइ' आता तरुणांच्या तोंडी उद्गार झाला आहे, आणि तो पुण्यातल्या कॉलेजांत ऐकू येणाऱ्या 'अशक्य!'चा अगदी जुळा भाऊ आहे.

जपानी पर्यटकांना अजिंठा दाखवताना या व्याकरणाचा रोजच्या रोज कस लागतो. अजिंठा-वेरूळच्या संवर्धन आणि पर्यटन प्रकल्पाला जपानी कर्जाचे साह्य मिळालेले आहे आणि बौद्ध लेण्यांच्या ओढीने येणाऱ्यांत जपानी माणसे पूर्वीपासून आहेत. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एक दरबारी चित्र आहे, परदेशी पोशाखातली माणसे राजापुढे उभी. १८७९मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी ते दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारात आलेल्या इराणी वकिलातीचे चित्र ठरवले. पुलकेशी सातव्या शतकातला. लेणे मात्र वाकाटक हरिषेणाच्या काळातले, पाचव्या शतकातले, असे आज बहुतेक अभ्यासक धरतात, आणि चित्र जातककथेचे समजले जाते. हे जपानीत सांगायचे तर नुसते 'देस', म्हणजे 'आहे', घालून भागत नाही. 'तो इवारेते इमास' म्हणजे 'असं म्हणतात', सांगोवांगी. 'तो कांगाएरारेते इमास' म्हणजे विचारान्ती असे समजले जाते. 'तो सारेते इमास' म्हणजे असे मानण्याचा प्रघात आहे. वकिलातीची गोष्ट 'तो इवारेते इमाशिता' अशी भूतकाळात टाकली, 'असं म्हणत असत', की फर्ग्युसनांचा मानही राहतो आणि मत मागे पडल्याचेही कळते.

अनिश्चितता नेहमी अज्ञानातूनच येते असे नाही. माहीत असलेले बोथट करून सांगायलाही हीच रूपे कामी येतात. बैठकीत जपानी अधिकारी 'मुझुकाशिइ कामो शिरेमासेन' म्हणाला, 'जरा कठीण असेलही कदाचित', तर त्याचा अर्थ 'नाही' असाच घ्यायचा. 'केन्तोऽ शिमास', म्हणजे 'विचार करू', यातही आशेला जागा थोडीच असते. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. 'बघू' या एका शब्दावर इथे किती वर्गण्या, किती उसनवाऱ्या आणि किती स्थळे परत गेली आहेत.

पण याच मवाळ भाषेची एका प्रसंगी फेरतपासणी करावी लागली. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ईशान्य जपानला भूकंप झाला आणि तीन मिनिटांत त्सुनामीचा इशारा निघाला. मियागीसाठी सहा मीटर, इवाते आणि फुकुशिमासाठी तीन मीटर असे आकडे त्यात होते. भूकंपाची तीव्रता सुरुवातीला कमी मोजली गेली होती, लाटा त्याहून कितीतरी उंच आल्या, आणि पुढे आकडे वाढवले तरी पहिला आकडा ऐकलेल्या अनेकांपर्यंत ते पोचले नाहीत. आकडा नेमका वाटतो, आणि नेमका वाटला की लोक त्याच्यावर विसंबतात. मार्च २०१३पासून पद्धत बदलली. भूकंप आठ तीव्रतेच्या पुढचा असेल आणि त्याचा आवाका लगेच मोजता येत नसेल, तर पहिल्या इशाऱ्यात मीटर द्यायचे नाहीत, 'क्योदाइ', म्हणजे 'अजस्र', असा शब्द द्यायचा. दूरचित्रवाणीच्या निवेदकांनीही शांत, आदबशीर 'देशोऽ'चा सूर सोडून आज्ञेचा सूर घेण्याचा सराव केला. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला तेव्हा एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीची निवेदिका अक्षरशः ओरडून सांगत होती, 'इमा सुगु निगेरु कोतो!', आत्ताच्या आत्ता पळा. पडद्यावर लहान मुलांना आणि परदेशी लोकांनाही वाचता यावे अशा सोप्या लिपीत 'त्सुनामि! निगेते!' झळकत होते. त्या क्रियापदाच्या मागे दुसरा शब्द नव्हता.